रिफ्लेक्टरची कुळकथा

भर दुपारच्या उन्हात चेहरा बिघडतो तो सूर्य डोक्यावर असल्यामुळे. डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली, हनुवटीखाली काळ्या सावल्या बसतात. उपाय जुना आहे: माणसाला सूर्याकडे पाठ करून उभे करायचे आणि समोरून रिफ्लेक्टरने तेच ऊन परतवून चेहऱ्यावर टाकायचे.

या रिफ्लेक्टरचे मूळ बहुतेक जण एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या छपराच्या स्टुडिओत शोधतात. तिथे चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला पांढरा पडदा उभा करीत. पुढे १९५६ च्या ‘अपराजितो’ चित्रपटासाठी छायालेखक सुब्रत मित्रांनी स्टुडिओत उभारलेल्या अंगणावर पांढरे कापड ताणून दिवे त्यावर मारले. पण वंशावळ इथे थांबवणे अन्यायाचे आहे. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, अजिंठ्यात, ती निदान पाचव्या शतकापर्यंत मागे जात असावी.

लेण्यांत विजेचे दिवे येण्याआधी बाहेरचे ऊन आरशावर किंवा चकचकीत पत्र्यावर झेलून आत भिंतीवर फिरवत आणि चित्रे दाखवत. पाचव्या शतकातल्या वाकाटककालीन चित्रकारांनीही हेच केले असावे, असा जुना तर्क आहे. लेखी पुरावा नाही, म्हणून प्रतिपक्ष तेलाच्या दिव्यांचे नाव घेतो. त्यावर नेहमीचे उत्तर काजळीचे: दिवे असते तर भिंती काळवंडल्या असत्या. हे उत्तर कच्चे आहे. नंतरच्या वस्तीचा धूर आणि १९२० नंतर इटालियन तज्ज्ञांनी दिलेले, पुढे काळवंडलेले व्हार्निश यांमुळे मूळ काजळी वेगळी ओळखणे अवघड आहे.

खरा मुद्दा रंगांचा आहे. अजिंठ्याच्या निळ्यात लाजवर्द आहे. दिव्याच्या पिवळ्या उजेडात तो मंद, काळपट दिसतो. शेजारच्या हिरव्यापासून त्याची छटा निवडणे कठीण होते. इतक्या नेमक्या छटा दिवसाच्या उजेडातच जुळल्या असणार. अंगणात पाणी साठवून त्यावरून उजेड घेतला, हा तिसरा तर्क मात्र टिकत नाही: पाणी उजेड छताकडे फेकते आणि तो हलत राहतो. परतवलेल्या उन्हालाही मर्यादा आहे. वाघूरच्या नालाकृती वळणावर प्रत्येक लेण्याचे तोंड वेगळ्या दिशेला, त्यामुळे ऊनही वेगळ्या वेळी येते आणि आरसा सतत सरकवावा लागतो. आतल्या गर्भगृहात दिवेच असावेत, सभामंडपात ऊन.

पहिल्या लेण्याच्या गर्भगृहातल्या बुद्धमूर्तीवर उजेड डावीकडून, मग उजवीकडून टाकला की चेहऱ्याचा भाव बदलतो. मार्गदर्शक हे आवर्जून दाखवतात. पोर्ट्रेटचे सारे गमक इथेच आहे. फरक एवढाच, की दगडी डोळ्यांना तिरीप लागत नाही. जिवंत माणूस मात्र आरशासमोर डोळे मिचकावतो. म्हणून चेहऱ्यासाठी चंदेरी पत्र्यापेक्षा पांढरे कापड किंवा थर्माकोल श्रेष्ठ.

छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात तेही न्यावे लागत नाही. सावलीत, उन्हाने उजळलेल्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून उभे राहावे. दुपारीही चेहरा मऊ येतो.