बालआरोग्य : एकदाची तपासणी पुरेशी नाही

विशेष प्रतिनिधी

लसीची तारीख पालकांच्या सहसा लक्षात असते. मात्र, बाळ आजारी नसतानाही त्याची वाढ, दृष्टी, श्रवण व भाषा यांची वयानुसार तपासणी करून घेणे मागे पडते. काही दोषांच्या बाबतीत हा विलंब कायमचे नुकसान करणारा ठरतो.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे डोळे हे याचे ठळक उदाहरण. जन्मतः वजन २००० ग्रॅमपेक्षा कमी असलेल्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाच्या दृष्टिपटलाची तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हावी, असे तज्ज्ञ सांगतात. फारच लहान बाळांत ती आणखी लवकर करावी लागते. या काळात बाळ रुग्णालयातून घरी गेलेले असले, तर तपासणी सुटण्याचा धोका असतो. वेळीच उपचार झाल्यास अंधत्व टाळता येते.

श्रवणदोषासाठी १-३-६ हे सूत्र मानले जाते. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांना प्रारंभ. यातील पहिला टप्पा पार पडला आणि पुढचे राहिले, तर चाचणीचा काहीच उपयोग होत नाही. जन्मतः वाकड्या पावलांचेही तसेच. पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलून पाऊल सरळ केले जाते. परंतु त्यानंतर साधारण चार वर्षांच्या वयापर्यंत विशेष बूट वापरावे लागतात. ते मध्येच सोडल्यास पाऊल पुन्हा वळते.

शासकीय पातळीवर या कामासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून त्याचा प्रारंभ झाला. जन्मजात व्यंग, पोषणातील कमतरता, बालवयातील आजार आणि विकासातील विलंब अशा चार गटांत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी यात अपेक्षित आहे. प्रसूतीच्या ठिकाणी नवजात बाळाची, त्यानंतर सहा आठवड्यांपर्यंत आशा कार्यकर्तीमार्फत घरी, पुढे सहा वर्षांपर्यंत अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा, अशी तिची रचना आहे. दोष आढळलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते.

तथापि, शहरांत अंगणवाडीत न जाणारी मुले अनेक आहेत. त्यांच्या नियमित तपासणीची जबाबदारी प्रामुख्याने पालक आणि खासगी बालरोगतज्ज्ञ यांच्यावरच येते. घर बदलले, की डॉक्टर बदलतो आणि जुनी कागदपत्रे मागे राहतात. एका दिवसाच्या वजनावरून फारसे काही समजत नाही. वाढीचा आलेख मंदावला आहे का, हे मागील नोंदींवरूनच कळते.

त्यामुळे शक्यतो एकाच डॉक्टरांकडे जाणे हितावह. डॉक्टर बदलावे लागल्यास माता-बाल संरक्षण कार्ड, रुग्णालयातून घरी सोडतानाचा कागद, श्रवण व नेत्रतपासणीचे अहवाल आणि वजन-उंचीच्या नोंदी सोबत न्याव्यात. लसीकरणाच्या प्रत्येक भेटीत 'वाढ आणि विकास वयानुसार आहे का?' असे आवर्जून विचारावे. पुढील तपासणीस पाठविले असल्यास तेथे जाऊन आल्यावर मूळ डॉक्टरांना अहवाल दाखवावा. दोष सापडणे ही उपचारांची केवळ सुरुवात असते. त्याचा पाठपुरावा झाला, तरच मुलाला लाभ होतो.