चार रुपये पगार, पण बॅट नाही

एचआरच्या प्रेझेंटेशनमध्ये एक स्लाइड हमखास असते, लोकांचं कामातून मन का उडतं? उत्तरं ठरलेली. पगार, मॅनेजर, वर्कलोड वगैरे वगैरे. मला मात्र याचं जास्त खरं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या क्रिकेट क्लबांत सापडलं.

पालवणकर बाळू. चांभार समाजातला पोरगा, डावखुरा स्पिनर. पुण्यात पारशांच्या क्लबात पिच झाडायचा, रोलर फिरवायचा; पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास युरोपियनांच्या पूना क्लबात गेला, ४ रुपयांवर. म्हणजे जॉब बदलून ३३ टक्के हाइक! (मिळते का आपल्याला?) शिवाय इन्सेंटिव्ह: कॅप्टन ग्रेगला नेटमध्ये आउट केलं की दर वेळी आठ आणे, असं सांगतात. तासन् तास बोलिंग टाकली. पण बॅट कधी हातात दिली नाही. बॅटिंग करायची साहेबांनी! आमच्या अंतरवाली सराटीत पिचवर पाणी मारणारा पोरगाच ओपनिंगला जातो, त्यामुळे हे वाचून मला जरा वेळ लागला पचायला.

पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतलं, पण चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. पुढे बाळू मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना हरवलं त्यात ते होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ विकेट्स! तरी कॅप्टनपद नाही.

तरीही बाळूंचं मन उडालं नाही. मला वाटतं, विकेट पडली की पडली, तिथे कुणाचं मत लागत नाही. आपला कोड चालतो तसं. अप्रेझल मात्र कमिटी करते.

आणि ठिणगी पडली ती तिथेच. १९२० साली जिमखान्याच्या निवड समितीने बाळूंना वगळलं. कॅप्टन एम. डी. पै पहिल्या मॅचला आजारी, तेव्हा त्यांच्या जागी बाळूंचा भाऊ विठ्ठल यायला हवा होता. नेमले डी. बी. देवधर. देवधर बॅट्समन मोठे, प्रश्नच नाही, पण विठ्ठल सीनियर होता. विठ्ठल आणि शिवराम, दोघे भाऊ जाहीर निवेदन देऊन संघाबाहेर पडले. हे काही पगारी नोकर नव्हते. पैशाचा विषयच नव्हता. चौदा-पंधरा वर्षं मॅचेस जिंकून देणारं घर होतं हो ते!

मग समिती नमली. फायनलला बाळू परत आले, व्हाइस कॅप्टन म्हणून, आणि पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले, बाळूंना संघ चालवता यावा म्हणून. पैंचं मला कौतुक वाटतं. समितीला जे वर्षानुवर्षं सुचलं नाही, ते त्यांनी नुसतं बाहेर जाऊन केलं.

१९२३ मध्ये विठ्ठल कॅप्टन झाला आणि हिंदूंनी स्पर्धा जिंकली. बाळूंच्या वाट्याला कॅप्टनपद आलं ते तेवढंच, पै बाहेर होते तेवढा वेळ.