घराच्या नुकसानभरपाईवर प्राप्तिकर किती?

वरच्या मजल्यावरील गळतीने छताचा गिलावा पडतो, पुराचे पाणी तळमजल्यावर शिरते किंवा शॉर्टसर्किटमुळे घराला आग लागते. अशा वेळी दुरुस्तीसाठी मिळालेल्या भरपाईवर प्राप्तिकर भरावा लागतो का, याचे उत्तर रक्कम कोणाकडून व कशापोटी मिळाली यावर अवलंबून असते.

मूळ तत्त्व सोपे आहे. बुडालेल्या उत्पन्नाऐवजी मिळणारी रक्कम महसुली जमा ठरते व तिच्यावर कर लागतो. मालमत्तेची हानी भरून काढणारी रक्कम ही भांडवली जमा असते. कायद्यात स्पष्ट तरतूद असल्याशिवाय ती करपात्र ठरत नाही.

सरकारी मदत : आपत्तीपोटी केंद्र सरकार, राज्य सरकार वा स्थानिक प्राधिकरणाकडून व्यक्तीला किंवा तिच्या वारसांना मिळणारी भरपाई करमुक्त असते. ही तरतूद २००७च्या वित्त कायद्याने १ एप्रिल २००५पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू झाली. त्यामुळे २६ जुलै २००५च्या मुंबईतील महापुरानंतरची मदतही तिच्या कक्षेत आली. मात्र त्याच नुकसानीची वजावट आधी घेतली असल्यास तेवढ्या रकमेला सवलत नाही.

विम्याची रक्कम : नष्ट झालेल्या मालमत्तेच्या विम्याची रक्कम म्हणजे हस्तांतराचा मोबदला नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये वानिया सिल्क मिल्स प्रकरणात स्पष्ट केले. त्यानंतर १९९९च्या वित्त कायद्याने कलम ४५ (१ए) आणले. पूर, वादळ, भूकंप यांसारखे नैसर्गिक उत्पात, दंगल, अपघाती आग किंवा स्फोट आणि शत्रूची कारवाई यांमुळे भांडवली मालमत्तेची हानी झाल्यास विम्याची रक्कम हा मोबदला मानला जातो. त्यातून होणारा भांडवली नफा रक्कम मिळाल्याच्या वर्षी करपात्र ठरतो. नळ फुटणे वा गळती या यादीत नाही.

शेजारी किंवा बिल्डर : गळतीबाबत शेजाऱ्याशी तडजोड झाल्यास ती लेखी असावी. नातेवाईक नसलेल्या व्यक्तीकडून वर्षभरात ५० हजार रुपयांहून अधिक रक्कम मोबदल्याविना मिळाली, तर ती उत्पन्नात धरली जाते. दाव्याच्या बदल्यात मिळालेली भरपाई देणगी समजली जाऊ नये, यासाठी नुकसानीचे स्वरूप, दुरुस्तीचा खर्च आणि दावा सोडल्याचा उल्लेख करारात हवा. बांधकामातील दोष ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत उघड झाल्यास रेरा कायद्यानुसार बिल्डरने तो ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करावा लागतो. अन्यथा ग्राहक भरपाई मागू शकतो.

भरपाईवरील व्याजाचा नियम वेगळा आहे. ते इतर उत्पन्नात धरले जाते. त्यातून निम्म्या रकमेची वजावट मिळते. त्यामुळे आदेशात किंवा करारात मूळ भरपाई व व्याज स्वतंत्र दाखवणे हिताचे ठरते.

भाड्याने दिलेल्या घराला दुरुस्तीच्या प्रत्यक्ष खर्चाची वजावट नसते. निव्वळ वार्षिक मूल्याच्या ३० टक्के प्रमाणित वजावटीतच तो खर्च येतो.

१ एप्रिल २०२६पासून १९६१च्या कायद्याची जागा २०२५च्या प्राप्तिकर कायद्याने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, तरी ही तत्त्वे कायम आहेत. आधीच्या वर्षांतील उत्पन्नाला जुनाच कायदा लागू राहतो. पंचनामा, छायाचित्रे, विमा सर्वेक्षकाचा अहवाल, दुरुस्तीची बिले व बँकेच्या नोंदी जपून ठेवाव्यात. रक्कम मोठी असल्यास विवरणपत्र भरण्यापूर्वी सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा.