धुराडं नसलेलं प्रदूषण

तेलाच्या टाकीला धुराडं नसतं. हवेच्या प्रदूषणाची चर्चा तिच्यापर्यंत इतक्या उशिरा पोहोचली, त्याचं एक कारण हेच असावं. मुंबईतल्या ट्रॉम्बे-माहुलच्या किनाऱ्यावर 1954-55 मध्ये दोन रिफायनऱ्या सुरू झाल्या आणि टाक्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. तेव्हा लागू असलेल्या 1934च्या पेट्रोलियम कायद्याला मुख्य काळजी होती आगीची. हवेचा कायदा यायला 1981 उजाडलं.

खरं तर टाकी रोज हवेत काहीतरी सोडत असते. उन्हाने ती तापली की आतली वाफ फुगते आणि छपरावरच्या झडपेतून बाहेर पडते. रात्री टाकी गार झाली की बाहेरची हवा आत ओढली जाते. नवा माल भरतानाही वाफेला बाहेरच पडावं लागतं. पेट्रोलच्या या वाफेत बेंझिन असतं, रक्ताच्या कर्करोगाला कारण ठरणारं. तरंगतं छप्पर थेट तेलावर टेकतं, त्यामुळे वाफ साठायला जागा उरत नाही. मात्र कडेचं सील झिजलं की गळती सुरू. टँकर भरताना निघणारी वाफ पकडायची यंत्रणाही आहे. म्हणजे उपाय ठाऊक होते, सक्ती नव्हती.

2013 मध्ये केईएम रुग्णालयाने माहुल-आंबापाड्यात पाहणी केली. 67.1 टक्के लोकांना महिन्यात तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत होती. पुढच्या वर्षी रहिवासी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठात गेले. डिसेंबर 2015 मध्ये लवादाने आरोग्याचा धोका मान्य केला. एचपीसीएल, बीपीसीएल या तेल कंपन्या आणि एजिस, सी लॉर्ड या साठवण कंपन्या यांच्यावर मिळून सुमारे 286 कोटींची भरपाई मात्र ऑगस्ट 2020 मध्ये बसवली.

तोवर तानसा जलवाहिनीलगतची हटवलेली कुटुंबं याच माहुलमध्ये आणून ठेवली होती. 2019 मध्ये त्यांना दुसरीकडे राहण्यासाठी दरमहा 15 हजार रुपये भाडं द्या, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाला द्यावा लागला.

पनवेलजवळच्या कोनला हा इतिहास परका नाही. 2016च्या सोडतीत मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी 2,417 घरं इथेच निघाली. इथून सावळ्याकडे जाणारा रस्ता रसायनी-पाताळगंगेच्या कारखान्यांकडे जातो आणि 2017 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सची रसायनीतली 442 एकर जमीन बीपीसीएलला विकायला मंजुरी दिली. बेंझिनची वार्षिक मर्यादा, घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम, 2009 पासून कागदावर आहे. या पट्ट्यात तिचं मोजमाप नियमित व्हावं आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत. रुग्णालयाच्या पाहणीची वाट कुणाला पाहायला लागू नये.