साईड बी

दिवाळीत रेणापूरला गेलो की माळा आवरणं हे माझ्याकडे ठरलेलं काम. या वेळी बुटाच्या एका खोक्यात एकवीस कॅसेट्स सापडल्या. प्रल्हाद शिंदे, आनंद-मिलिंद शिंदे, हिंदी सिनेमे, आणि तळाला एक घरी भरलेली सी-६०. त्यावर आजोबांच्या अक्षरात बॉलपेनने, "आराधी गाणी, नवरात्र ८९". खाली चार बायकांची नावं. तिसरं आजीचं. ती गेली तेव्हा मी बालवाडीत होतो, आवाज अजिबात आठवत नाही.

"फेकून दे की. कोण ऐकलालंय आता ते?" काका खालून म्हणाले.

बोलणं तसं बरोबरच. फोनवर कोट्यवधी गाणी असताना हे प्लास्टिक कशाला जपायचं? आणि मी काही कॅसेटच्या जमान्यातला नाही. माझी गाणी सुरू झाली ती मोबाइल शॉपीत मेमरी कार्डात भरून घेतलेली. त्या फायलींमध्ये गायकाच्या जागी दुकानाचंच नाव असायचं. त्यामुळे एक फर्मास भारूड आमचा मोबाइल दुरुस्तीवालाच गातो, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती :)

विनोद सोडा, पण गाणं कुणाचं हे गाण्याला चिकटून राहायला हवं, ही अडचण रेकॉर्डिंगइतकीच जुनी आहे. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या माणसाला कुठली तबकडी कुणाची हे कसं कळणार? म्हणून गाणं संपताना गौहरजान स्वतःचं नाव इंग्रजीत सांगायची. म्हणजे मेटाडेटा थेट खोबणीतच कोरलेला! पुढे ते काम तबकडीवरच्या कागदी लेबलने केलं. एमपीथ्रीला मात्र आधी असं काहीच नव्हतं. १९९६ मध्ये फाइलीच्या शेवटी १२८ बाइट्सचा टॅग जोडायची युक्ती निघाली, त्यात गायकाच्या नावाला ३० अक्षरं. संगीतप्रकारांची यादी ८० जणांची. त्यात पोल्का होता, अ‍ॅसिड जॅझ होता, पण लोकसंगीत नव्हतं. ते विनअ‍ॅम्पने नंतर घातलं. यादी करणाऱ्याला रेणापूर माहीत असायचं कारण नव्हतं, असो.

खरा मुद्दा वेगळाच आहे. तबकडी फक्त ऐकता येते, भरता येत नाही. कुणाचा आवाज टिकणार हे कंपनी ठरवायची, आणि कंपनी कलकत्त्यात नाहीतर मुंबईत. फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली आणि ८० च्या दशकापर्यंत ती आपल्याकडे गावोगाव पोचली. आखातातून येणारे टू-इन-वन आणि टी-सीरीजच्या स्वस्त कॅसेट्स यांचा त्यात मोठा हात. या यंत्राला लाल बटण होतं. दाबलं की आपलंच घर रेकॉर्ड. कीर्तनं, भीमगीतं, लग्नातली गाणी, आणि रेणुकादेवीच्या नवरात्रात संबळ-झांजेवर गाणाऱ्या आराधी बायका. असलं कुठल्याच कंपनीच्या कॅटलॉगमध्ये नाही, म्हणून ते अ‍ॅपवरही येत नाही. कोट्यवधी गाणी म्हणजे सगळी गाणी, हा आपला गैरसमज आहे.

अर्थात डिजिटल म्हणजे निनावी असं काही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या २०१७ पासून 'पारी'च्या साइटवर येताहेत, बाईच्या नावासकट, गावासकट. कुणीतरी बसून लिहून घेतलं म्हणून हे झालं. आमच्याकडे ते आजोबांनी बॉलपेनने केलं, एवढंच.

आमच्या टू-इन-वनचा बेल्ट केव्हाच गेलेला. लातूरच्या एका मित्राकडून डेक आणला, लॅपटॉपला जोडला. साईड ए दहा मिनिटं छान चालली, मग संबळ मध्येच तुटला आणि 'मैंने प्यार किया' सुरू! कॅसेटच्या वरच्या कडेला प्लास्टिकचे दोन दात असतात, ते मोडले की त्यावर पुन्हा भरता येत नाही. आजोबांनी मोडले नव्हते. कुणी भरलं यावर काका गप्प.

साईड बी शाबूत होती. अर्धा तास, खरखरीसकट. चार आवाज, मला सगळे सारखेच. बाबा दारात उभे होते. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर म्हणाले, "ही माय." मी टाइमरवरचा आकडा लिहून घेतला.

दोन्ही दात मोडले. फाइल केली, चारही नावं टॅगमध्ये घातली, फाइलीलाही आजीचं नाव दिलं आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. काकांच्या फोनवर ती उतरली तेव्हा आजीचं नाव जाऊन तिथे तारीख आणि कसलासा नंबर आला होता. टॅग आत तसाच होता, पण तो उघडून कोण बघतं?

खोकं पुण्याला घेऊन आलोय. अजून वीस कॅसेट्सच्या साईड बी ऐकायच्या आहेत.