पत्ता तोच, घर वेगळं

ब्राउझरमध्ये आपण एक पत्ता टाकतो आणि क्षणात समोर पान उघडतं. मधल्या वेळात काय होतं, ते वेब फ्रेमवर्कवर काम करणाऱ्यांना पाठ आहे: राउटर पत्ता वाचतो, योग्य त्या फंक्शनला हाक मारतो, फंक्शन टेम्प्लेटमध्ये माहिती भरतं आणि उत्तर परत पाठवतं. पण मंडळी, पहिल्यापासून हे असं नव्हतं बरं का!

१९९१ साली जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये टिम बर्नर्स-ली यांचं एचटीटीपी म्हणजे अगदी साधा कारभार होता. ब्राउझरनं एकच ओळ पाठवायची, 'गेट' आणि पुढे पत्ता. सर्व्हरनं एचटीएमएल द्यायचं आणि कनेक्शन तोडायचं. ना हेडर, ना ४०४. पत्ता म्हणजे बहुतेक वेळा चक्क डिस्कवरच्या फाईलचा पाथ. फोल्डर हलवलं की पत्ता मेला!

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रातून सीजीआय आलं. आता पत्त्यामागे फाईलऐवजी प्रोग्राम बसू शकत होता. सर्व्हर पत्त्याचे तुकडे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये भरून प्रोग्राम चालवायचा. प्रोग्रामनं आधी हेडर, मग एक रिकामी ओळ आणि मग पान प्रिंट करायचं. ती रिकामी ओळ राहिली की संपलंच! शिवाय प्रत्येक विनंतीला नवीन प्रोसेस. म्हणजे दर गिऱ्हाईकासाठी नवा आचारी नेमायचा, त्याच्याकडून एक कप चहा करून घ्यायचा आणि लगेच त्याला घरी पाठवायचं.

आणि पत्त्याचं दुखणं तसंच राहिलं. त्यात आता 'सीजीआय-बिन', 'डॉट पीएल', पुढे 'डॉट पीएचपी' असल्या शेपट्या लटकायला लागल्या. भाषा बदलली की साईटचे सगळे पत्ते बदलणार. यावर १९९६ मध्ये राल्फ एंगेलशाल यांनी अपाची सर्व्हरसाठी मॉड-रीराइट लिहिलं. बाहेर दिसणारा पत्ता एक, आत चालणारी फाईल दुसरी. उपाय जबरदस्त, पण त्याचे नियम वाचताना भल्याभल्यांना घाम फुटतो!

१९९८ मध्ये बर्नर्स-ली यांनी स्वतःच एक छोटा लेख लिहून बजावलं, की चांगला पत्ता बदलत नाही. म्हणून जे उद्या बदलू शकतं, म्हणजे फाईलचं एक्स्टेन्शन, आतलं सॉफ्टवेअर, ते पत्त्यात घालूच नका.

हे मनावर घेतलं कोणी, तर एका वर्तमानपत्राच्या कचेरीनं. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावात 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' नावाचा पेपर आहे. तिथे २००३ मध्ये एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी जँगो लिहायला घेतलं. जुलै २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. त्यात सगळे पत्ते एका वेगळ्या फाईलमध्ये मांडलेले. डावीकडे पत्त्याचा नमुना, उजवीकडे पायथॉनचं फंक्शन. फंक्शन रिक्वेस्ट घेतं, रिस्पॉन्स देतं, बस्स. जँगोच्या दस्तऐवजात बर्नर्स-लींच्या त्या लेखाचा आवर्जून उल्लेख आहे. बातमी म्हणजे दहा वर्षांनीही कुणीतरी शोधत येणारी गोष्ट, तेव्हा पेपरवाल्यांना हे पटणं साहजिकच.

त्याच सुमारास, २००४ मध्ये, डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांचं रेल्स आलं. त्यात आधी कंट्रोलर, ॲक्शन, आयडी असा ठरलेला साचा होता. २००७ च्या १.२ आवृत्तीपासून एकाच पत्त्यावर 'गेट' आलं तर दाखवा, 'डिलीट' आलं तर काढून टाका, ही पद्धत रुळली.

थोडक्यात काय, तर पत्ता आधी जागा होता, आता नाव झाला. आत भाषा, डेटाबेस, सर्व्हर काहीही बदला, नाव टिकू शकतं.

टिकू शकतं, पण टिकतं का? प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४ च्या पाहणीनुसार २०१३ मध्ये असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी सापडत नव्हती. सगळीच काही पत्ते बदलल्यामुळे गेली असं नाही. कुठे साईटच बंद झाली, कुठे पान काढून टाकलं. पण नवीन डिझाईनच्या उत्साहात जुने पत्ते वाऱ्यावर सोडणं आपल्या धंद्यात नवीन नाही. जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेणारा ३०१ रीडायरेक्ट लिहायला राउटरमध्ये बऱ्याचदा एक ओळ पुरते. त्या ओळीला डेमोमध्ये टाळ्या पडत नाहीत, एवढंच.

असो. पुढच्या रिलीजच्या आधी ती फाईल एकदा उघडून बघा. कुणीतरी तुमचा जुना पत्ता कुठेतरी जपून ठेवला असेल.