डिकीचा उलटा इतिहास

डिकी हा शब्द आता मराठीच झाला आहे. नागपुरात तर आम्ही त्यातला ‘क’ दुहेरी करून ‘डिक्की’ म्हणतो. संत्र्यांची पेटी असो, लग्नाचा आहेर असो की गावाकडून आलेले तुरीचे पोते असो, ‘टाका डिक्कीत’ म्हटले की काम झाले. पण या शब्दाचा मूळ अर्थ सामानाची जागा असा नव्हता. इंग्रजांच्या घोडागाडीला मागच्या अंगाला नोकरासाठी एक उघडे आसन असे, त्याला ते डिकी म्हणत. साहेब आत, नोकर मागे ऊनपावसात. मोटारी आल्यावर १९२० आणि १९३० च्या दशकांतल्या दोन आसनी गाड्यांना मागे एक झाकण असे. ते उघडले की आत आणखी एक बैठक निघे. तीही डिकीच. पुढे गाड्या मोठ्या झाल्या, सगळी माणसे छपराखाली आली आणि मागची जागा सामानाला मिळाली. आसन गेले, नाव राहिले.

मोटारीच्या इतिहासात सगळा मान इंजिनाला मिळतो. मागच्या दाराबद्दल कोणी बोलत नाही. आज त्याबद्दल बोलायचे कारण असे, की या दाराला आता स्वतःची मोटर आहे, स्वतःचा छोटा कॉम्प्युटर आहे. बटण दाबले की ते आपोआप वर जाते आणि कधी कधी अर्ध्यावर अडून बसते. हे अडलेले दार मोकळे करायचे, तर त्याचा इतिहास शेवटापासून सुरुवातीकडे वाचावा लागतो, असे माझ्या लक्षात आले आहे. कसे ते सांगतो. आधी इतिहास सरळ क्रमाने पाहू.

पहिला थर लोखंडाचा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडत होती, तिकडे बंगालात हिंदुस्थान मोटर्स अॅम्बॅसिडर बनवत होती. या गाड्यांची डिकी म्हणजे पत्र्याचे झाकण, दोन बिजागऱ्या आणि एक कुलूप. किल्ली फिरवायची आणि झाकण हाताने उचलायचे. अडले तर कारण दिसायचे. बिजागरी गंजली असेल, कुलपात धूळ गेली असेल, मागून कोणी ठोकल्याने पत्रा दबला असेल. थोडे तेल, थोडी ठोकपीट, एवढ्यावर काम भागत असे. गॅरेजची भाषासुद्धा बघा कशी आहे. डिकी इंग्रजी, बिजागरी आणि मिस्त्री हे शब्द पोर्तुगीजांकडून आलेले, दुरुस्ती आणि कारागीर फारसीतले. एका झाकणाभोवती इतके देश बसले आहेत आणि आपण त्या सगळ्याला मराठी म्हणतो. मला ते योग्यच वाटते.

दुसरा थर काचेचा आणि वायूचा. १९३८ साली फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीने खाटीक, पाववाले, किराणा दुकानदार अशा धंदेवाल्यांसाठी एक गाडी काढली. तिला मागे वेगळी पेटी नव्हती, सगळी पाठच उघडायची. ही कल्पना आपल्या घराघरात पोहोचली ती मारुतीमुळे. मारुती ८०० आली १९८३ च्या डिसेंबरात. १९८६ साली तिचे नवे रूप आले, त्यात मागचा पत्रा आणि काच एकाच दारात बसवून अख्खे दार वर उचलले जाई. पुढे १९९८ साली पुण्याहून टाटांची इंडिका आली, तिचीही घडण तशीच.

अख्खी पाठ वर उचलायची म्हणजे वजन आले, आणि वर गेलेले दार डोक्यावर पडू नये ही काळजीही आली. यासाठी दाराच्या दोन बाजूंना बंद नळकांडी बसवतात. गॅरेजमध्ये त्यांना शॉकअप म्हणतात. आत नायट्रोजन वायू दाबून भरलेला असतो. तो दांड्याला सतत बाहेर ढकलतो, म्हणून जड दार हलके लागते आणि वर टिकून राहते. १९६० च्या दशकात जर्मनीत हे नळकांडे मोठ्या प्रमाणावर बनू लागले आणि त्यानंतर जगभर पसरले.

इथे नागपूरच्या हवेचा संबंध येतो. बंद भांड्यातल्या वायूचा दाब तापमानाबरोबर वाढतो आणि उतरतो. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे पारा १० अंशांपर्यंत खाली येतो आणि मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो. हिशेब केला तर त्या थंडीतला दाब या उन्हातल्या दाबापेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी कमी भरतो. नवे नळकांडे हा फरक सोसते. जुने, थोडा वायू गळलेले नळकांडे मात्र थंडीत हात टेकते. उन्हाळ्यात ठीक असलेले दार डिसेंबरात जड झाले, तर दोष बहुधा इथेच असतो.

तिसरा थर विजेचा. १९९८ साली आलेली पहिली टाटा सफारी आठवा. तिचे मागचे दार घराच्या दारासारखे बाजूला उघडायचे आणि त्याच्या पाठीवर स्टेपनी लटकलेली असायची. ते ओढायला मनगटात जोर लागे. सफारी हेच नाव घेऊन २०२१ साली वेगळी गाडी आली आणि २०२३ च्या नव्या रूपात तिचे मागचे दार विजेवर वर जाऊ लागले. हातात पिशव्या असतील तर बंपरखाली पाय हलवला तरी पुरते. पंचवीस वर्षांत मनगटाचे काम पायाच्या इशाऱ्यावर आले. दोन्ही गाड्या पुणे परिसरातल्याच.

हे दार उचलणाऱ्या दांड्याला स्पिंडल म्हणतात. नळीच्या आत छोटी मोटर, दातेरी चाके आणि लांब आट्यांचा स्क्रू असतो, सोबत दाराचे वजन पेलायला मजबूत स्प्रिंग. स्क्रू फिरला की दांडा लांब होतो आणि दार वर जाते. स्पिंडल हा शब्द नागपूरला नवा नाही. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली आणि पुढे तिथे रिंग स्पिंडलचे प्रयोग केले. लँकेशायरच्या गिरण्या तेव्हा जुन्या यंत्रांना धरून होत्या. त्या स्पिंडलवर सूत कातले जाई, या स्पिंडलवर दार उचलले जाते, कामे वेगळी. पण फिरणाऱ्या दांड्याकडे कान लावून त्याचे दुखणे ओळखणारी माणसे या शहरात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आहेत, एवढे मला सांगायचे आहे. ती गिरणी आता नाही, तिच्या जमिनीवर मॉल उभा आहे. पण ते कान अजून आहेत.

सगळ्यात वरचा थर कॉम्प्युटरचा. तो मोटरचे फेरे मोजतो आणि दार किती वर गेले हे लक्षात ठेवतो. मोटरला वीज किती लागते यावरही त्याची नजर असते. वाटेत अडथळा आला की मोटरला जोर लावावा लागतो, वीज जास्त ओढली जाते आणि कॉम्प्युटर दार थांबवतो किंवा मागे फिरवतो. एखाद्या लेकराचे बोट मध्ये येऊ नये म्हणून ही सोय आहे. म्हणजे दार अडते तेव्हा पुष्कळदा ते बिघडलेले नसते. त्याला जे शिकवले तेच ते करत असते. अडथळा कसला, एवढेच त्याला सांगता येत नाही.

गेल्या एप्रिलमध्ये माझ्या भाच्याच्या गाडीचे असेच झाले. सकाळी दार झकास उघडे, दुपारी मात्र कुलूप सुटल्याचा आवाज येई, दार बोटभर हले आणि तीनदा बीप वाजून थांबे. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये लॅपटॉप जोडला. त्यावर ‘अडथळा’ अशी नोंद निघाली. सल्ला मिळाला की दोन्ही स्पिंडल बदला. आकडा ऐकून भाचा माझ्याकडे आला. म्हणाला, ‘‘मामू, इतने में तो पुरानी स्कूटर आ जाती.’’

आम्ही मोमिनपुऱ्याजवळच्या एका उस्तादांकडे गेलो. साठीचे गृहस्थ, शाळा चौथीपर्यंत. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी प्रश्न विचारले. कधी अडते? गाडी उन्हात उभी असते का? इंजिन चालू असताना उघडून पाहिले का? मग त्यांनी जे केले, ते मी क्रमाने सांगतो, कारण तोच उलटा इतिहास आहे.

सुरुवात वरच्या थरापासून. दार किती उंच उघडावे हे बटण दाबून ठेवून ठरवता येते. छप्पर बुटके असले की लोक उंची कमी करून ठेवतात आणि विसरतात, मग दार अर्ध्यावर थांबते आणि ओरड सुरू होते. तसे इथे नव्हते. मग वीज. बॅटरीवर मीटर लावला. इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास, म्हणजे तब्येत चांगली. बॅटरी कमजोर असती, तर इंजिन चालू करताच दार सुरळीत उघडले असते. तसेही नव्हते. मग वायरी. छप्पर आणि दार यांच्यामध्ये रबरी नळीतून वायरींचा जुडगा जातो. रोज वाकून वाकून त्यातली एखादी तार आतल्या आत तुटते आणि वरून काही दिसत नाही. दार हलवत त्यांनी ती नळी बोटांनी चाचपली. तीही धड होती.

मग त्यांनी गाडीच्या सेटिंगमधून दाराची मोटर बंद केली आणि हाताने उचलले. सुरुवातीला दार चिकटून राहिले, मग पट्टी सोलून निघावी तसा चर्र आवाज झाला. त्यानंतर ते वरपर्यंत सरळ गेले, दोन्ही बाजू सारख्या. उस्ताद म्हणाले, ‘‘हाथ को तो सब ठीक लग रहा है. स्पिंडल बेकसूर है.’’

आता उरला सगळ्यात खालचा थर, पत्रा आणि रबर. दाराच्या चौकटीला पाणी-धूळ थोपवणारी रबरी पट्टी असते. खालच्या बाजूला ती चिकट आणि काळी पडली होती. भाच्याने हिवाळ्यात काटोलहून संत्री आणली होती, काही फुटली होती. तो रस रबरात आणि कुलपाच्या कडीत वाळला, त्यावर धूळ बसली. थंडीत तो कडक होता. एप्रिलच्या उन्हात मऊ होऊन दार धरून ठेवू लागला. कॉम्प्युटरने अडथळा म्हटले ते शंभर टक्के खरे होते. फक्त तो अडथळा नागपुरी संत्र्याचा आहे, हे ओळखायला बोटे लागली.

साबणाच्या कोमट पाण्याने पट्टी आणि कडी पुसली. वाळल्यावर रबराला सिलिकॉन आणि कडीला थोडे ग्रीस. शागिर्द पोरगा सवयीने डिझेलची बाटली घेऊन आला, तेव्हा उस्तादांनी त्याला थांबवले. डिझेल किंवा इंजिनचे तेल लागले की ही रबरी पट्टी फुगते आणि दुखणे वाढते. शेवटी मोटर चालू करून दार एकदा हाताने पूर्ण बंद केले, मग बटणाने पूर्ण उघडून पुन्हा बंद केले. दार मे महिन्यातही दुपारी उघडत राहिले.

यात लॅपटॉपला नावे ठेवण्याचा हेतू नाही. स्पिंडल खरोखर मोडले किंवा कॉम्प्युटर जळला, तर उस्तादांचे हात तिथे पोहोचत नाहीत आणि ते स्वतःच तसे सांगतात. दारावर जोर लावून ओढू नका, आधार दिल्याशिवाय नळकांडे सोडवू नका, हेही तेच सांगतात. निकामी नळकांडे भंगारात गेले की कोणी ते कापते, कोणी आगीजवळ टाकते. आतला वायू टायरमधल्या हवेच्या कितीतरी पट दाबाने भरलेला असतो, तो जीव घेऊ शकतो. ही गोष्ट प्रत्येक भंगारवाल्या पोराला माहीत असायला हवी.

मला काळजी वाटते ती वेगळीच. लॅपटॉप कोणता थर तक्रार करतो ते सांगतो, का करतो ते सांगायला खालच्या थरांची ओळख लागते. ती ओळख उस्तादांना अॅम्बॅसिडरच्या बिजागरीपासून मिळत आली. आजचा पोरगा थेट वरच्या थरावर येतो. त्याला खाली उतरायचा जिना कोण दाखवणार? आयटीआयमध्ये यंत्र शिकवतात, ते हवेच. पण हाताला दार किती जड लागावे, हे त्या उस्तादांच्या शेजारी उभे राहूनच कळते. आणि उस्तादांच्या दुकानासमोरचा रस्ता आता रुंद होणार आहे, त्यांना दुसरी जागा मिळेल की नाही हे त्यांनाही ठाऊक नाही.

डिकीत पूर्वी नोकर बसायचा आणि गाडीतल्यांना तो दिसायचा नाही. आता तिथे मोटर, स्क्रू आणि कॉम्प्युटर बसले आहेत, तेही दिसत नाहीत. श्रम संपत नाहीत, ते पत्र्याआड जातात. दार अडते त्या दिवशी ते क्षणभर दिसतात. त्या क्षणी दार ओढू नये. दुपार आहे की सकाळ, थंडी आहे की ऊन, मागच्या वेळी आत काय ठेवले होते, एवढे आधी स्वतःला विचारावे. आणि ओळखीतले एखादे उस्ताद असतील, तर त्यांच्याकडे जाताना घरातले एखादे शिकते पोर सोबत न्यावे.